यंत्र उभे राहू नये म्हणून: बांधकामाचा व्हिडिओ गेम नव्याने खेळणाऱ्यांसाठी

मी गेली १८ वर्षे नागपुरातल्या छोट्या ठेकेदारांचे जमाखर्च लिहिते. रेतीची चलाने, गिट्टीच्या ब्रासचे हिशेब, जेसीबीच्या तासांच्या पावत्या आणि लोखंडाची वजने यांत माझा दिवस जातो. त्यामुळे मागच्या मे महिन्यात सुट्टीसाठी आलेल्या भाच्याने मानेवाड्याच्या आमच्या घरी संगणकावर बांधकामाचा खेळ लावला, तेव्हा मी त्याला सर्वांत आधी कंपनीच्या खात्यात शिल्लक किती आहे ते विचारले. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना दुपारभर कूलरसमोर बसून आम्ही मावशी-भाच्यांनी त्या सुट्टीत दोन कंपन्या काढल्या. पहिली अडकून बंद पडली आणि दुसरी अजून चालू आहे. या दोन्ही कंपन्यांतून जे शिकायला मिळाले, ते हा खेळ नव्याने सुरू करणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

खेळाचे नाव 'कन्स्ट्रक्शन सिम्युलेटर'. जर्मनीतल्या व्हीसबाडेन येथील वेल्टेनबाउअर या कंपनीने तो तयार केला आणि अ‍ॅस्ट्रागॉन या प्रकाशकाने सप्टेंबर २०२२ मध्ये तो संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांसाठी बाजारात आणला. याच मालिकेतले मोबाइलवरचे खेळ वेगळे आहेत आणि त्यांतली शहरेही वेगळी आहेत, त्यामुळे मोबाइलच्या खेळासाठी दिलेला सल्ला इथे तंतोतंत लागू पडेलच असे समजू नये. या खेळात दोन काल्पनिक प्रदेश आहेत, अमेरिकेच्या धर्तीवरचे सनी हेवन आणि जर्मनीच्या धर्तीवरचे फ्रीडेनबर्ग. कॅटरपिलर, लीभेर, केस, बॉबकॅट, बोमाग, मान अशा खऱ्या उत्पादकांची ७०हून अधिक यंत्रे आणि वाहने त्यात आहेत. आपल्याकडे ज्या कंपनीचे नावच यंत्राचे नाव होऊन बसले आहे, त्या जेसीबीची यंत्रे मात्र मूळ खेळात नाहीत; ती नंतर आलेल्या एका वेगळ्या पॅकमध्ये स्वतंत्रपणे विकत घ्यावी लागतात. भाच्याला ही गोष्ट फार खटकली होती. पट्ट्यांवर चालणाऱ्या मोठ्या खोदयंत्राला आपण सारे पोकलेन म्हणतो, तेही मुळात पोकलँ या फ्रेंच कंपनीचे नाव आहे, हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने खेळातल्या प्रत्येक खोदयंत्राला पोकलेनच म्हणायचे ठरवून टाकले. या लेखातही मी तसेच म्हणणार आहे.

आमची पहिली कंपनी कशी अडकली ते आधी सांगते, कारण नवखा खेळाडू बहुतेक वेळा इथेच चुकतो. सुरुवातीची चार-पाच छोटी कामे व्यवस्थित पार पडली आणि खात्यात बऱ्यापैकी रक्कम जमली. भाचा म्हणाला, "मावशी, मोठा पोकलेन घेऊन टाकू ना, मग कोणतंही काम येऊ दे." मलाही ते पटले. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रखरेदीचे हप्ते लिहिणाऱ्या मला ते का पटले, याचे उत्तर एवढेच आहे की पडद्यावरचे यंत्र फार सुंदर दिसत होते. आम्ही जवळजवळ सगळी शिल्लक त्यात घातली. पुढच्या कामात खोदाई होती, पण ती दोन तासांत आटोपली. त्यानंतर क्रेन लागणार होती, काँक्रीटचा मिक्सर लागणार होता, माल आणायला ट्रक लागणार होता आणि ही सारी यंत्रे भाड्याने आणण्यापुरते पैसेही खात्यात उरले नव्हते. कामाचे बिल काम पूर्ण झाल्यावर मिळणार होते आणि काम पूर्ण करायला पैसे नव्हते. पोकलेन खड्ड्याच्या कडेला उभा होता. खऱ्या धंद्यात नेमक्या याच अवस्थेत आलेले ठेकेदार मी पाहिले आहेत. लोकांना त्यांच्या दारातले यंत्र दिसते, पण मजुरांच्या शनिवारच्या पगारासाठी त्यांनी कोणाकडून हातउसने घेतले ते वहीतच दिसते.

तेव्हा पैशांचे गणित सर्वांत आधी घ्यावे असे मला वाटते, खोदण्याचे कौशल्य त्यानंतर. या खेळाची एक खास गोष्ट लक्षात आली की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. प्रत्यक्षातल्या ठेकेदाराकडे चार यंत्रे असतील तर त्यांवर चार ऑपरेटर असतात आणि चारही यंत्रे एकाच वेळी कमाई करत असतात. खेळात एकट्याने खेळताना ऑपरेटर आपण एकटेच असतो. आपण ज्या यंत्रावर बसलो आहोत तेवढेच चालते, बाकीची उभी राहतात. म्हणून खेळात एकाच प्रकारची दोन यंत्रे असण्याचा एकट्या खेळाडूला काहीही उपयोग नाही, आणि एखादे महागडे यंत्र दहा कामांत एकदाच लागणार असेल तर त्यात घातलेला पैसा नऊ कामे नुसता उभा राहतो.

भाड्याने घ्यावे की विकत घ्यावे, हा प्रश्न यातूनच सोडवता येतो. हिशेब समजण्यापुरते काही आकडे धरू या. खेळातल्या किमती यंत्रागणिक वेगवेगळ्या आहेत. समजा एका यंत्राची किंमत १,००,००० आहे आणि एका कामासाठी त्याचे भाडे ५,००० पडते. म्हणजे हे यंत्र २० कामांत लागणार असेल, तेव्हा कुठे खरेदीची बरोबरी होते. विकताना पूर्ण किंमत परत मिळेल असे धरू नये, पण काही रक्कम परत येते, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा २० कामांच्या थोडा खाली येईल. आता स्वतःला विचारायचे की पुढच्या २० कामांपैकी किती कामांत हे यंत्र लागेल. माती किंवा गिट्टी वाहणारा टिप्पर जवळजवळ प्रत्येक कामात लागतो. टॉवर क्रेन क्वचित लागते. मग आधी टिप्पर घ्यायचा आणि क्रेन भाड्याने आणायची, हे उघड आहे. आपल्या नागपुरातले छोटे ठेकेदारही हेच करतात. स्लॅबच्या दिवशी काँक्रीट वर चढवणारा बूम पंप बोलावला जातो, जड माल उचलायचा असेल तर तासाच्या बोलीवर हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, येते, आणि ठेकेदाराच्या स्वतःच्या मालकीचे पाहू गेले तर सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, प्लेटा, एखादा छोटा मिक्सर आणि एक-दोन वाहने एवढेच असते.

भाड्याच्या बाबतीत मात्र एक शिस्त पाळावी लागते. भाड्याचे यंत्र जितका वेळ आपल्याकडे राहील तितका खर्च चढत जातो, म्हणून ते ज्या टप्प्यासाठी हवे आहे, तो टप्पा प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत आणायचे नाही आणि टप्पा संपला की दुसऱ्या यंत्राकडे वळण्याआधी परत करायचे. आमच्याकडून सुरुवातीला असे व्हायचे की काम हाती घेताच आवश्यक यंत्रांची यादी पाहून सगळी यंत्रे एकदम मागवली जायची आणि रोलर आपली पाळी येण्याची वाट पाहत कडेला उभा राहायचा. एकदा मी वही घेऊन बसले आणि एका कामात कोणते यंत्र किती वेळ चालले आणि किती वेळ उभे राहिले ते लिहून काढले. रोलरचे चालणे उभे राहण्याच्या तुलनेत इतके थोडे होते की भाच्याने ते पान स्वतःहून संगणकाच्या बाजूला चिकटवले.

कोणते यंत्र आधी विकत घ्यावे, याबद्दल माझे मत असे आहे. पहिली खरेदी टिप्परची असावी. त्यानंतर मागे छोटी क्रेन बसवलेला सपाट ट्रक घ्यावा, कारण सळईचे गठ्ठे, सेंट्रिंगचे साहित्य, विटांचे थर असा सगळा माल त्याच ट्रकने दुकानातून उचलता येतो आणि साइटवर उतरवताही येतो. दोन वेगळ्या यंत्रांचे काम एकाच वाहनात होते आणि आपल्याला एका गाडीतून उतरून दुसरीत चढण्याचा वेळ वाचतो. तिसरी खरेदी पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असलेल्या यंत्राची, म्हणजे आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो त्याची. ते मोठ्या पोकलेनइतके खोल किंवा भराभर खोदत नाही, पण खोदणे, भरणे, ढीग सरकवणे आणि थोडेफार सपाटीकरण ही चारही कामे ते करते. एकट्या खेळाडूसाठी अनेक कामे करणारे मध्यम यंत्र हे एकच काम उत्तम करणाऱ्या मोठ्या यंत्रापेक्षा अधिक किफायतशीर ठरते. मोठ्या पोकलेनची वेळ येते, पण ती खोदाईची मोठी कामे लागोपाठ मिळू लागल्यावर.

आता प्रत्यक्ष काम. खेळाच्या सुरुवातीला हापे नावाचा अनुभवी मार्गदर्शक आपल्याकडून पहिली कामे हाताला धरून करून घेतो. त्याचे बोलणे पुढे ढकलण्याचा मोह होतो, पण ते पूर्ण ऐकावे. कोणत्या बटणाने बूम, म्हणजे यंत्राचा मुख्य हात, उचलायचा आणि क्रेनचे पाय कधी टाकायचे, हे तिथेच समजते आणि नंतर मधल्या कामात शोधत बसावे लागत नाही. प्रदेशांपैकी कोणता निवडावा याला फारसे महत्त्व नाही. जिथले रस्ते पाहायला आवडतील तो घ्यावा.

पोकलेन चालवायला शिकणे हा या खेळातला सर्वांत समाधान देणारा भाग आहे आणि तो शिकण्यासाठी घाई करू नये. यंत्राच्या चार हालचाली असतात. वरचे धड गोल फिरते, मुख्य हात म्हणजे बूम वरखाली होतो, त्याच्या पुढचा हात आत-बाहेर होतो आणि टोकाची बकेट वळते. खऱ्या यंत्रांत या चार हालचाली दोन दांड्यांवर वाटलेल्या असतात आणि वाटणीच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. आयएसओ पद्धतीत डावी दांडी धड फिरवते आणि पुढचा हात हलवते, तर उजवी दांडी बूम आणि बकेट हलवते. एसएई पद्धतीत बूम डाव्या दांडीवर आणि पुढचा हात उजव्या दांडीवर असतो. कोणतीही एक पद्धत निवडून तिच्याशी शेवटपर्यंत एकनिष्ठ राहावे, कारण बोटांना लागलेली सवय मध्येच बदलली की प्रत्येक बकेटला विचार करावा लागतो. शक्य असेल तर कीबोर्डऐवजी दोन दांड्यांचा गेमपॅड वापरावा. त्यावर दोन हालचाली एकाच वेळी आणि कमी-अधिक जोराने करता येतात. आम्ही कीबोर्डवर तीन आठवडे काढले आणि गेमपॅड आल्यावर पहिल्याच दिवशी खोदाईचा वेळ निम्म्यावर आला.

नवखा माणूस एका वेळी एकच हालचाल करतो. आधी बूम खाली, मग हात आत, मग बकेट वळवायची, मग बूम वर, मग धड फिरवायचे. सरावलेला ऑपरेटर या हालचाली एकमेकींत मिसळतो. बकेटचे दात मातीला उभे न लावता तिरके लावावेत; मग पुढचा हात आपल्याकडे ओढत असतानाच बूम किंचित उचलत न्यावा, म्हणजे बकेट जमिनीत रुतून न बसता एक लांब, पातळ थर कापत येते. बकेट भरत आली की ती वळवून घ्यायची आणि बूम वर जात असतानाच धड फिरवायला सुरुवात करायची. खऱ्या साइटवरही टिप्पर असा लावतात की पोकलेनला कमीत कमी वळावे लागेल. पोकलेन थोड्या उंचवट्यावर आणि टिप्पर त्याच्या बाजूला खाली, अशी जागा मिळाली तर उत्तमच. पाव फेरीत माती पडते आहे की अर्ध्या फेरीत, यावर संपूर्ण खोदाईचा वेळ ठरतो, आणि टिप्पर उभा करताना खर्च केलेले एक मिनिट पुढच्या प्रत्येक बकेटला परत मिळते. माती टिप्परच्या केबिनवरून फिरवून कधीही टाकू नये. खेळात कोणी दुखावत नसले तरी ही सवय चुकीची आहे. खोदताना स्वतःच्या पट्ट्यांखालची माती काढू नये आणि काढलेली माती खड्ड्याच्या काठाला टाकू नये, नाहीतर तीच माती पुन्हा आत घसरते आणि एकच ढीग दोनदा उचलावा लागतो.

काम हाती घेण्याआधी कामाचे सर्व टप्पे वाचून काढावेत, हे मी फार आग्रहाने सांगते. करारात कोणत्या टप्प्याला कोणते यंत्र आणि कोणता माल लागेल हे आधीच दिसते. ते पाहून फेऱ्या जोडता येतात. खाणीकडे माती टाकायला गेलेला टिप्पर रिकामा परत येण्यापेक्षा पुढच्या टप्प्याची गिट्टी भरून आला, तर एक संपूर्ण फेरी वाचते. दुकानातून सळई आणायला जाणारा ट्रक सेंट्रिंगचे साहित्यही त्याच फेरीत आणू शकतो का, हे टप्प्यांच्या क्रमावर अवलंबून आहे, पण बघून ठेवायला काहीच लागत नाही. आमच्या वहीत आम्ही प्रत्येक कामाला एक ओळ फक्त फेऱ्यांसाठी ठेवली आहे. आपल्याकडे रेती-गिट्टी ब्रासमध्ये मोजतात आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. खेळातले मोजमाप आपल्या ब्रासमध्ये नसले तरी भाच्याला मी ते रूपांतर करायला लावते. खोदलेली माती खड्ड्यात होती त्यापेक्षा जास्त जागा व्यापते, ही गोष्टही त्याला याच निमित्ताने समजली. घट्ट बसलेली माती सुटी झाली की तिचा आकार साधारण पाव पटीने वाढतो, आणि खरे ठेकेदार टिप्परच्या फेऱ्या मोजताना ही वाढ धरूनच चालतात.

भराव आणि दबाई यांबद्दल थोडेच सांगते. थर सारखा पसरवून घेतल्याशिवाय रोलर फिरवू नये; उंचसखल थरावर रोलर फिरवला तर खेळ काही जागा अपूर्ण दाखवत राहतो आणि त्या शोधण्यात वेळ जातो. रोलरच्या एका पट्ट्यावर पुढचा पट्टा थोडा चढलेला असावा. आपल्या नागपूरच्या काळ्या मातीची अडचण खेळात नाही. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, म्हणून तिच्यावर थेट पाया टाकत नाहीत. काळी माती काढून मुरूम भरतात आणि पाया खालच्या टणक थरापर्यंत नेतात. खेळातली माती सगळीकडे सारखीच वागते. काँक्रीटच्या बाबतीतही खेळाने सूट दिली आहे. प्रत्यक्षात प्लांटमध्ये भरलेले तयार काँक्रीट दोन तासांच्या आत उतरवावे असा भारतीय मानकाचा नियम आहे आणि त्याची पूर्ण ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने मोजली जाते. खेळात ओतलेले काँक्रीट पाहता पाहता तयार होते आणि आपण पुढच्या टप्प्यावर जातो. स्लॅबवर पाणी मारत दिवस काढणाऱ्या चौकीदाराची आठवण मला त्या क्षणी नेहमी येते.

क्रेनचे काम मात्र सावकाश शिकावे. इथे वजनाइतकेच अंतर महत्त्वाचे असते. क्रेन आपल्या जवळ जेवढे वजन उचलू शकते, तेवढे बूम लांब करून दूरवर उचलू शकत नाही, कारण अंतर वाढले की उलटण्याचा जोर वाढतो. म्हणून क्रेन माल उचलण्याच्या आणि माल ठेवण्याच्या जागांच्या साधारण मध्ये उभी करावी, म्हणजे दोन्ही वेळा बूम फार लांब काढावा लागत नाही. उभी केल्यावर सर्वांत आधी तिचे आधारपाय पूर्ण बाहेर काढून जमिनीवर टेकवावेत. माल उचलताना हुक बरोबर मालाच्या वर आणावा. तिरका ओढून उचललेला माल जमिनीवरून सुटताच झोका घेतो. झोका सुरू झालाच तर घाबरून उलट दिशेने दांडी दाबू नये, तर बूम झोक्याच्या दिशेने हलकेच नेऊन हुक पुन्हा मालाच्या वर आणावा. या एका युक्तीसाठी भाच्याने दोन दुपारी खर्च केल्या आणि आता तो भिंतीचा तयार भाग माझ्यापेक्षा कितीतरी अलगद बसवतो. क्रेनच्या अवघड कामाआधी खेळ जतन करून ठेवावा, आणि घरी इन्व्हर्टर नसेल तर उन्हाळ्याच्या दुपारी तो दर थोड्या वेळाने जतन करावा, कारण विजेचा भरवसा नसतो.

यंत्रे एका साइटवरून दुसरीकडे नेण्याचे दोन मार्ग आहेत. ट्रेलरवर चढवून स्वतः न्यावे, किंवा पैसे मोजून यंत्र थेट कामावर पोहोचवून घ्यावे. सुरुवातीला, पैसे कमी आणि उत्साह जास्त असताना, ट्रेलरने न्यावे असे मी सुचवेन. पट्ट्यांचे यंत्र रॅम्पवर सरळ चढवणे, मागे-पुढे वजन सारखे ठेवणे आणि लांब ट्रेलर उलटा घेणे हे शिकण्यासारखे आहे. ट्रेलर मागे घेताना गाडीचे तोंड डावीकडे वळवले की ट्रेलर उजवीकडे जातो, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. नंतर, एका कामाचे बिल वाहतुकीच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठे झाले की, पैसे देऊन यंत्र पोहोचवून घेण्यात कमीपणा मानू नये. तिथेही हिशेब तोच, रस्त्यावर घालवलेल्या वेळात दुसरे किती काम झाले असते.

दोघांनी किंवा चौघांनी मिळून खेळण्याची सोय या खेळात आहे आणि एकट्याने खेळून मूळ गोष्टी समजल्या की ती जरूर वापरावी. जास्तीत जास्त चार जण एकाच कंपनीत काम करू शकतात. भाचा गोंदियाला परत गेल्यापासून आम्ही रविवारी सकाळी असेच खेळतो. आता वर सांगितलेले गणित बदलते, कारण ऑपरेटर दोन झाले म्हणजे दोन यंत्रे एकाच वेळी चालू शकतात. पण दोन्ही माणसे पोकलेनवर बसून चालत नाही. एक जण खोदतो आणि दुसरा टिप्पर नेतो, तेव्हा टिप्परच्या एका फेरीला किती वेळ लागतो आणि तेवढ्यात पोकलेन किती टिप्पर भरू शकतो, हे जुळवावे लागते. आमच्या एका कामात टिप्परची फेरी भरण्यासह नऊ मिनिटांची होती आणि त्यांतली तीन मिनिटे भरायला लागत होती. म्हणजे भाचा प्रत्येक फेरीमागे सहा मिनिटे नुसता थांबत होता. तिसरा माणूस नसल्याने दुसरा टिप्पर चालवणार कोण, हा प्रश्न होता. शेवटी त्याने त्या सहा मिनिटांत पोकलेन सोडून पलीकडच्या बाजूला भराव पसरवायचे काम सुरू केले आणि मी परत येईपर्यंत पुन्हा पोकलेनवर येऊन बसायचे असे ठरले. त्या रविवारी तो मला म्हणाला, "मावशी, तू फोन करत जा निघाली की, मी बकेट भरूनच ठेवतो." खऱ्या साइटवर ऑपरेटर आणि टिप्परचे ड्रायव्हर हेच करतात.

वर्धा रोडवर मेट्रोचे काम चालू असताना मी रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जात असे. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी ती ३.१४ किलोमीटरची दुमजली बांधणी २०२२ मध्ये गिनीज विक्रमात नोंदली गेली. तेव्हा वाहतुकीत अडकून मला नुसता त्रास व्हायचा. आता कामठी रोडवरच्या तशाच पुलाखालून जाताना मी खांबांमधले अंतर, क्रेन उभी करायला जागा कुठे असेल, माल कोणत्या बाजूने आला असेल असे विचार करते. भाचा नागपूरला आला की आम्ही गड्डीगोदामला जातो. तिथे जमिनीवर रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो आहे, आणि चालू रेल्वेच्या डोक्यावर त्या तुळया कशा ठेवल्या असतील यावर तो माझ्याशी अर्धा तास बोलतो.

आता दुसऱ्या कंपनीबद्दल, कारण वरचा सल्ला आम्ही तिच्यात वापरला आहे. पहिल्या १० कामांत आम्ही फक्त टिप्पर आणि क्रेनचा ट्रक घेतला. बाकी सगळे भाड्याने. एक नियम असा केला की कोणतीही खरेदी केल्यावर खात्यात पुढच्या एका संपूर्ण कामाचे भाडे आणि माल यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक राहिलीच पाहिजे. ही राखीव रक्कम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली आहे आणि कामे मोठी होत गेली तशी ती आम्ही वाढवत नेली. कंपनीचा स्तर वाढला की नवी कामे आणि नवी यंत्रे खुली होतात आणि तेव्हा मन पुन्हा मोठ्या यंत्राकडे ओढ घेते. त्या वेळी ते पान उघडायचे. मोठा पोकलेन आम्ही तेविसाव्या कामानंतर घेतला. तोपर्यंत लागोपाठ तीन मोठ्या खोदाईच्या कामांत तो भाड्याने आणून झाला होता आणि भाड्याची बेरीज मांडल्यावर खरेदी करावी हे कागदावरच दिसत होते. त्या संध्याकाळी भाच्याने गोंदियाहून फोन करून विचारले की खरेदीनंतर किती उरले. मी आकडा सांगितला. पुढच्या कामाचे भाडे आणि माल धरून त्यातून थोडे शिल्लक राहत होते. मग त्याने रंग कोणता घ्यायचा ते विचारले.